उघाडी

दिवाळी अमावास्येला येते, ही गोष्ट आपण पंचांगामुळे जाणतो. खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला ती पाण्यामुळे कळते. अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन समुद्राला ओढतात, आणि त्या ओढीने उधाण येते. त्याचा खरा भर अमावास्येनंतर एकदोन दिवसांनी, म्हणजे बहुधा भाऊबिजेच्या सुमारास असतो. आमच्या लहानपणी एका अंगाला अंगणातल्या पणत्या आणि दुसऱ्या अंगाला बांधाच्या काठोकाठ चढलेले काळेभोर पाणी असे दिवाळीचे चित्र असे. आजोबांनी मला पाऊणकी शिकवली तीही पाण्यावरूनच. तिथीला पाऊणने गुणावे, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. तेव्हा ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री, घरातली माणसे झोपायला जाण्याच्या सुमारास, पाणी दाराशी येऊन उभे राहिलेले असायचे. "बघ, लक्ष्मीबरोबर समुद्रही आला," असे आजोबा म्हणत. आणि हातात कंदील घेऊन बांधावर एक फेरी मारून येत.

हे सर्व आज आठवण्याचे कारण, परवा आलेले धाकट्या भावाचे पत्र. पत्र कसले, फोनवर आलेला चार ओळींचा मजकूर. पण मजकुराचे वजन पत्राचेच होते. पेण-अलिबागकडच्या आमच्या गावी खारीचा जुना बांध गेली काही वर्षे फुटलेला आहे. खांड पडली तेव्हा कोणी लक्ष दिले नाही; पुढे दर उधाणाला ती रुंदावत गेली, आणि आता शेतात भाताऐवजी खारे पाणी आहे. गावकऱ्यांनी बांध पुन्हा घालावा असे ठरवले आहे. त्यासाठी सर्व हिस्सेदारांच्या सह्या हव्यात. "तुझी सही राहिली आहे. दिवाळीला येशील तेव्हा करून टाक," असे भाऊ लिहितो.

सहीला किती वेळ लागतो? पण ती करायला माझा हात उचलत नाही. का उचलत नाही, हे सांगायचे तर मला आधी तुम्हाला बऱ्याच दूर, ओरिसाच्या किनाऱ्यावर न्यावे लागेल.

मी शाळामास्तर होतो. २००४ सालच्या हिवाळ्यात आम्ही काही शिक्षक मंडळी जगन्नाथपुरीला गेलो आणि तेथून एक दिवस चिल्का सरोवर पाहायला सातपाड्यास गेलो. चिल्क्याला सरोवर म्हणतात खरे, पण ते समुद्राचेच एक बाजूला ठेवलेले मूल आहे. मधे वाळूची लांबच लांब पट्टी. पलीकडे बंगालचा उपसागर, अलीकडे हे उथळ पाणी. उन्हाळ्यात त्याचा पसारा सुमारे नऊशे चौरस किलोमीटर, पावसाळ्यात अकराशेच्या वर. उत्तरेकडून महानदीच्या दया, भार्गवी वगैरे शाखा त्यात गोडे पाणी आणून ओततात, आणि वाळूच्या पट्टीत जे एखादे तोंड असते त्यातून समुद्र खारे पाणी घेऊन आत येतो. आम्हां मराठी माणसांना या तोंडाचे एक दुखणेही आहे. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांची फौज गंजामहून याच बाजूने पुरीवर गेली, आणि नागपूरकर भोसल्यांचा ओरिसावरचा अंमल संपला. पण मला सांगायचे आहे ते राजकारण नव्हे, पाणी.

अशा सरोवरातले पाणी हलते कसे? आपल्याला वाटते, भरती आली की आत आणि ओहोटी लागली की बाहेर. त्यात विचारायचे काय? परंतु बाहेरचा समुद्र हातभर चढला म्हणून आतले सरोवर हातभर चढत नाही. तोंड अरुंद असते, पुढची वाट उथळ आणि वाकडी असते. तळाशी घासत घासत भरती आत शिरते आणि वाटेतच तिचा दम जातो. बाहेर ओहोटी लागलेली असते तेव्हा आत कुठे भरती पोचत असते. सहा तासांत सरोवर भरून काढणे तिला साधतच नाही. उधाणाच्या दिवसांत आणखी एक गंमत होते. चढलेले पाणी खोल वाटेने सहज आत येते, आणि उतरताना वाट उथळ झाल्याने त्याला बाहेर पडणे कठीण जाते. त्यामुळे दर भरतीचे थोडे पाणी आतच शिल्लक राहते आणि सबंध सरोवर हळूहळू फुगते. पुढे भांगाचे दिवस आले की तेच पाणी सावकाश निथळून जाते. म्हणजे समुद्र दिवसातून दोनदा श्वास घेतो, तर सरोवराचा एक श्वास पंधरवड्याचा.

त्यात वारा असतो. चिल्क्यात पुष्कळ ठिकाणी माणूस उभा राहू शकेल एवढेच पाणी. एवढ्या उथळ आणि एवढ्या पसरट पाण्यावर वाऱ्याचे राज्य चालते. दक्षिणेचा वारा धरला की पाणी उत्तरेच्या काठाला चढते. हिवाळ्यात उत्तरेचा सुटला की ते दक्षिणेला ढकलले जाते. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी इतके येते की ते समुद्रालाच बाहेर रेटते. उन्हाळ्यात ऊन पाणी पिते आणि त्याची भरपाई करायला समुद्र आत येतो. भारी खारे पाणी खालून आणि हलके गोडे वरून, असेही काही ठिकाणी चालते. या सर्वांची एकमेकांशी चाललेली देवघेव म्हणजे सरोवर. त्यातले एकही थांबले, तर त्याचे तळे तरी होईल किंवा दलदल तरी.

आणि ही सारी देवघेव अवलंबून असते त्या एका तोंडावर. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर तिरप्या आपटतात आणि वाळू काठाकाठाने पुढे सरकवत राहतात. ओरिसाच्या किनाऱ्याला ही वाळू बहुतांशी उत्तरेकडे चालते. ती तोंडाशी आली की तोंड बुजवू पाहते; आतबाहेर करणारे पाणी ती धुऊन काढते. लाटा दार लावतात, भरती-ओहोटी ते उघडते. चिल्क्यात लाटांची सरशी होत गेली. तोंड उत्तरेकडे सरकत सरकत इतके लांब गेले की समुद्राच्या पाण्याला सरोवर गाठायला काठाला समांतर अशी वीसपंचवीस किलोमीटरांची चिंचोळी वाट चालावी लागे. नद्यांचा गाळ साठला, पाणी अळणी झाले, गोड्या पाण्यातले शेवाळ आणि पाणवनस्पती माजल्या, कोलंबी आणि मासळी आटली. १९९३ साली, ज्या पाणथळ जागांची प्रकृती बिघडली आहे अशांच्या आंतरराष्ट्रीय यादीत चिल्क्याचे नाव गेले.

मग माणसांनी काय केले? आमच्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात या पाण्याचा अभ्यास झाला. आणि २३ सप्टेंबर २००० रोजी वाळूच्या पट्टीला नवे तोंड पाडण्यात आले. समुद्राची वाट अठरा किलोमीटरांनी कमी झाली. भरती पुन्हा दम न लागता आत पोचू लागली. वर्षाला दोन हजार टनांच्या आत आलेली मासळी दोन वर्षांत दहा हजार टनांच्या वर गेली, आणि २००२ साली चिल्क्याचे नाव त्या यादीतून निघाले. आमचा नावाडी हातवारे करून मोडक्या हिंदीत सांगत होता, "पहले पानी आता था, मगर थककर आता था." पाणी थकून येत असे! सबंध शास्त्र त्याने एका शब्दात सांगितले.

त्याच्या त्या शब्दाने मला एकदम पन्नास वर्षे मागे नेले. कारण असाच एक शब्द मी आमच्या ओटीवर ऐकला होता.

दिवाळीचाच दिवस होता. कोळीवाड्यातला एक म्हातारा आजोबांकडे आला. खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचे बंदर होते. ते गाळाने भरत चालले होते. ओहोटीला होड्या चिखलात बसत आणि भरतीची वाट पाहत ताटकळत. म्हातारा पायरीशी उभा राहून म्हणाला, "नाना, तुमी बांदावर बांद घातलंव. पान्याला यायला जागाच नाय ठेवली. पानी आलाच नाय, त जाताना गाल कोन धून नेल?" आजोबा हसले. वाईट हसले नाहीत, मायेनेच हसले. "अरे, समुद्र केवढा, आपला बांध केवढा!" असे म्हणाले, आणि आजीला हाक मारून त्याला फराळाचे भरगच्च ताट द्यायला सांगितले. म्हाताऱ्याने ताट उपरण्यात बांधून घेतले, बांधाकडे एकदा पाहिले, आणि गेला. त्या ताटात करंज्या जास्त घातल्या म्हणून मी रुसलो होतो, एवढेच मला त्या वेळी कळले.

चिल्क्याहून परतल्यावर मी या विषयाची पुस्तके मिळवून वाचू लागलो. ओब्रायन नावाच्या एका अमेरिकन अभियंत्याने १९३१ साली एक नियम मांडला आहे. खाडीचे किंवा सरोवराचे तोंड किती मोठे राहणार, हे एका भरतीला किती पाणी आत जाते आणि परत येते यावर ठरते. आत येणाऱ्या पाण्याला जितकी जागा अधिक, तितके तोंड मोठे. जागा कमी करा, तोंड आपोआप लहान होईल. मी ते वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. ओटीच्या पायरीशी उभा राहून कोळीवाड्यातला तो म्हातारा हेच सांगत होता. अभियंत्याने ते मोजून काढले होते, म्हाताऱ्याने चिखलात रुतलेल्या पायांनी. आणि आम्ही त्याला करंज्या दिल्या.

वाचकहो, येथे माझा प्रश्न सुरू होतो. आमच्या आजोबांनी पाप केले का?

मला तसे म्हणवत नाही. खार जमीन म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे, तोच बांध घालणाऱ्याचे मोल जाणेल. खांजणातला चिखल कमरेइतका. त्यात उभे राहून मातीचे गोळे हातोहात द्यायचे, उधाण येण्याच्या आत दोन टोके जुळवायची, नाहीतर महिनाभराची मेहनत एका रात्रीत समुद्राला वाहायची. पुढे तीनचार पावसाळे जमिनीतले मीठ धुऊन निघावे तेव्हा कुठे भात धरते. १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींसाठी कायदा केला, तोही या जमिनी राखल्या जाव्यात म्हणूनच. माणसाच्या पोटाला भात हवा होता. त्या भातावर आमचे घर वाढले. मी त्यावर शिकलो, मास्तर झालो. ज्या हाताने आज मी आजोबांच्या बांधावर शंका घेतो आहे, तो हातही त्या बांधाच्याच भाताने पोसलेला आहे.

"हेतू वाईट नव्हता, मग दोष कसला?" असे कोणी विचारील. मीही स्वतःला पुष्कळ वर्षे हेच उत्तर देत आलो. पण पाणी हेतू पाहत नाही. चिल्क्याकाठी एक दंतकथा सांगतात. रक्तबाहू नावाचा एक समुद्रावरून आलेला राजा पुरी लुटायला निघाला आणि कोणाला दिसू नये म्हणून क्षितिजापलीकडे जहाजे नांगरून राहिला. परंतु जहाजांवरून टाकलेला केरकचरा भरतीबरोबर काठाला लागला. लोक सावध झाले आणि चीजवस्तू घेऊन पळाले. राजा समुद्रावर संतापला, समुद्रावरच चालून गेला. समुद्र आधी मागे हटला आणि मग उलटून त्याने सर्व सैन्य बुडवले. ते पाणी आत राहिले, तोच चिल्का. कथा म्हणून सोडून द्या; पण त्यातला तो कचरा मला फार खरा वाटतो. आपण क्षितिजापलीकडे टाकलेले कुठेतरी काठाला लागतेच. आपल्याला ते दिसत नाही, एवढाच काय तो आपला निर्दोषपणा.

तेव्हा मी पाप हा शब्द बाजूला ठेवतो आणि दुसरा घेतो : ऋण. आपल्याकडे हा शब्द फार शहाणपणाने वापरला आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण यांपैकी एकही आपण जाणूनबुजून काढलेले नसते. जन्मलो, एवढ्यानेच ते अंगावर येते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण ते फेडल्यावाचून सुटकाही नाही. बांधापलीकडच्या माणसाचे ऋणही मला असेच वाटते. आमच्या ताटातला भात त्याच्या जाळ्यातली कोलंबी घेऊन आला. ती आम्ही चोरली नाही, पण ती आली हे खरे.

दुसरे कोणी म्हणेल, "समुद्र स्वतः तरी काय वेगळे करतो? तोही तोंडे उघडतो आणि बुजवतोच." हेही खरे. चिल्क्यालाच २००८ साली आणखी एक तोंड आपोआप पडले, आणि ३ मे २०१९ च्या फनी वादळाने पुन्हा नवी तोंडे फोडली. माणसाने आखलेले दार समुद्र आपल्या मर्जीने हलवतो. परंतु समुद्राला कोळीवाड्यात जाऊन विचारता येत नव्हते. आजोबांना येत होते; अर्ध्या कोसाचीच वाट होती.

तिसरे उत्तर सर्वांत भारदस्त आहे : पुष्कळांचे पुष्कळ हित. चिल्क्याची मासळी पाचपट वाढली; यापेक्षा चांगले काय? चांगलेच. पण मासळी वाढली म्हणजे कोणाची वाढली, हा प्रश्न त्याच्या पुढचा. चिल्क्यातच कोलंबीच्या शेतीसाठी धनवानांनी पाण्यात कुंपणे घातली आणि पिढीजात मच्छीमारांना त्यांच्याच पाण्याची बंदी झाली. शेवटी १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला या सरोवराच्या हजार मीटरांच्या आत कोलंबीची तळी नकोत असे सांगावे लागले. टनांच्या आकड्यात माणसे दिसत नाहीत. आमच्या आजोबांच्या वहीतही भाताच्या खंडी आहेत, चिखलात बसलेल्या होड्या नाहीत. वही खोटी नाही. ती बांधाच्या एकाच बाजूला बसून लिहिलेली आहे.

मग भावाला काय लिहावे? बांध फुटला आहे, आता खाडीचे खाडीला जाऊ दे, असे मी शहरात पंख्याखाली बसून लिहिले तर ते फारच सोपे होईल. पेन्शन माझी आहे. खारे झालेले शेत त्याचे आहे. त्याच्या विहिरीचे पाणीही मचूळ होऊ लागले आहे. फुटलेल्या खारीत आता तिवरांची रोपे उभी राहिली आहेत. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरे तोडण्यास मनाई केली आहे, तेव्हा सगळा बांध जुन्या जागी घालता येईल असे नाही. पण कायद्याच्या आडोशाने मला माझा प्रश्न सोडवायचा नाही. कायदा नसता तरी मला विचार करावाच लागला असता.

विचार करता करता मला आठवली ती बांधातली उघाडी. ज्यांनी खार पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : बांधाला ठिकठिकाणी झडपेची दारे असतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी त्यांतून बाहेर जाते. भरती आली की समुद्राच्याच दाबाने झडप मिटते. फार हुशारीची रचना आहे. पण तिच्यात एक गोष्ट मला लहानपणी कधी खटकली नाही, ती आज खटकते. ते दार एकाच बाजूला उघडते. आपल्याला नको ते बाहेर टाकावे आणि बाहेरचे काही आत येऊ देऊ नये, याला आम्ही उघाडी म्हणत आलो! आमची ओटीही तशीच होती. तेथून फराळाची ताटे बाहेर जात. बाहेरचा एक शब्द आत आला, तर भरतीच्या पाण्यासारखा आमच्याच भारदस्तपणाच्या दाबाने दार मिटून जाई. दान देणे सोपे असते, कारण त्यात दार आपल्या बाजूचे असते. ऐकून घेणे कठीण.

काल रात्री मी भावाला फोन केला. सही करीत नाही असे म्हटले नाही, करतो असेही म्हटले नाही. म्हटले, "कोळीवाड्यात कोणाला विचारले का?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यांचा काय संबंध? जमीन आपली." आवाज त्याचा, पण वाक्य आजोबांचे. मी त्याला ओटीवरची ती गोष्ट सांगितली. तो तेव्हा पाळण्यात होता. त्याला ती ठाऊकच नव्हती. तो रागावला. रागावण्याचा त्याला हक्क आहे; दोन वर्षे शेत बुडाले आहे आणि मोठा भाऊ फोनवरून नीती शिकवतो आहे. पण फोन ठेवण्यापूर्वी त्याने विचारले, "त्या म्हाताऱ्याच्या घरचे कोणी असेल का रे अजून?"

नातू आहे म्हणे. बंदर बुजल्यावर तो होडी विकून रिक्षा चालवतो.

भाऊबिजेला मी गावी जातो आहे. द्वितीयेला दोन पाऊण दीड. दुपारी दीडच्या सुमारास उधाणाचे पाणी खांडीतून आत येताना दिसेल. त्या आधी आम्ही दोघे भाऊ कोळीवाड्यात जाणार आहोत. बांध सगळा घालायचा, की मागे सरकवून थोडा घालायचा, की खाडीला काही जागा परत द्यायची, हे मला ठाऊक नाही. तो नातू काय म्हणेल, हेही ठाऊक नाही. कदाचित आमच्या तोंडावर दार लावील, आणि लावले तर मी त्याला दोष देणार नाही. बायकोने फराळाचा डबा भरून ठेवला आहे, करंज्या थोड्या जास्तच घातल्या आहेत. तो मी नेणार आहे. पण या वेळी पायरीशी मी उभा राहीन, आणि आधी त्याचे बोलणे ऐकून घेईन, डबा नंतर.